मिथेनॉल : टँकरपासून बाटलीपर्यंत घ्यायची काळजी

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्ग तळोद्यातून जातो. त्याच्या एका टोकाला अंकलेश्वरची रासायनिक वसाहत आहे, तिच्या जवळच भरूच आणि दहेज. दुसरीकडे शहादा, शिरपूर आणि पुढे बऱ्हाणपूर. ऊस, केळी, पपईच्या गाड्यांबरोबर याच रस्त्यावरून रसायनांचे टँकरही धावतात. त्यांच्या मागच्या बाजूच्या फलकावर काय लिहिलं आहे ते आपल्यापैकी फार थोडे जण वाचतात. त्या अनेक रसायनांपैकी एकाविषयीच इथे लिहितो आहे, ते म्हणजे मिथेनॉल. ते आपल्यापर्यंत रस्त्याने येतं, गुजरातेत कंत्राटी कामाला गेलेल्या आपल्या माणसांच्या हातून येतं, रंग-पॉलिशच्या बाटलीतून येतं आणि सगळ्यात वाईट म्हणजे दारूतून येतं.

मिथेनॉल म्हणजे मिथाइल अल्कोहोल. फॉर्मालिन, प्लायवूड चिकटवणारी रसायनं, रंग, औषधं, बायोडिझेल अशा असंख्य वस्तूंच्या निर्मितीत ते लागतं, त्यामुळे ते बंद होणार नाही आणि व्हायचं कारणही नाही. अडचण वेगळी आहे. धोका ओळखायला माणसाकडे जी साधनं आहेत, त्या सगळ्यांना हे रसायन चकवतं. रंग पाण्यासारखा. वास दारूचा. पेटलं तर दिवसाउजेडी ज्योत जवळजवळ दिसत नाही. पोटात गेलं तर पहिले कित्येक तास माणूस फक्त प्यायल्यासारखा वाटतो. म्हणून डोळे, नाक आणि जीभ यांच्या भरवशावर न राहता लेबल, फलकावरचा आकडा आणि घड्याळ यांच्या भरवशावर चालायचं, एवढं एकच मला या लेखात सांगायचं आहे. पुढचं सगळं त्याचाच तपशील आहे.

न दिसणारी आग

मिथेनॉलची वाफ सुमारे ११ अंश सेल्सिअसपासूनच पेट घेऊ शकते. थंडीतली एखादी पहाट सोडली तर तळोद्यात वर्षभर पारा याच्या वरच असतो, आणि मे महिन्यात तर चाळिशी ओलांडतो. हवेत या वाफेचं प्रमाण ६ ते ३६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरते. पेट्रोलच्या वाफेसाठी हीच मर्यादा साधारण दीड ते साडेसात टक्के आहे. या फरकाचा परिणाम मोठा आहे. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आतल्या आत ती सहसा पेटत नाही. मिथेनॉलच्या अर्धवट भरलेल्या किंवा रिकाम्या झालेल्या पिंपात मात्र २० ते ३५ अंश तापमानाला जी वाफ साठते, ती नेमकी स्फोट होण्याच्या टप्प्यातच असते. हे वाक्य वेल्डिंगवाल्यांनी आणि भंगारवाल्यांनी दोनदा वाचावं. त्याकडे पुढे पुन्हा येऊ.

ज्योत फिकट निळी असते आणि धूर जवळपास नसतो. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या मोटार शर्यतीत पूर्वी मिथेनॉल हेच इंधन असे. १९८१ साली तिथे रिक मिअर्स या चालकाच्या गाडीत इंधन भरताना ते सांडलं आणि पेटलं. तो आणि त्याचे सहकारी जळत असताना आजूबाजूच्यांना ते नक्की कशासाठी धडपडताहेत हेच क्षणभर कळेना, कारण डोळ्यांना आग दिसत नव्हती. तेव्हा मिथेनॉल सांडलेल्या ठिकाणी हवा थरथरताना दिसली, गवत किंवा रंग आपोआप काळा पडताना दिसला, कुणी विनाकारण अंग झटकताना दिसला, तर तिथे आग आहे असंच धरा. अंगावरचे कपडे पेटलेल्या माणसाला खाली लोळवा आणि भरपूर पाणी ओता. ‘ज्वाळा कुठे आहेत?’ हे शोधत बसू नका.

टँकर उलटला तर

धोकादायक माल नेणाऱ्या टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक चौकोनी माहितीफलक लावणं मोटार वाहन नियमांनुसार सक्तीचं आहे. त्यात रसायनाचं नाव असतं, संपर्काचा दूरध्वनी असतो आणि चार आकडी ‘यूएन’ क्रमांक असतो. मिथेनॉलचा क्रमांक १२३०. हा आकडा पाठ करायला हरकत नाही. जवळच लाल रंगाची, ज्योतीचं चित्र असलेली आणि खाली ३ आकडा असलेली पाटी असते, ती ज्वलनशील द्रवाची. कवटीचं चित्र असेल तर माल विषारीही आहे. माहितीफलकाच्या वरच्या चौकटीत ‘२ डब्ल्यू ई’ असा इंग्रजी संकेत दिसेल, तो अग्निशमन दलासाठी असतो. २ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा वापरा, डब्ल्यू म्हणजे पूर्ण बंद संरक्षक पोशाख घाला आणि सांडलेला द्रव गटारात किंवा नाल्यात जाऊ न देता अडवा, ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. आकड्याआधी टिंब असेल तर अल्कोहोलला टिकणारा खास फेस लागतो. साधा फेस मिथेनॉलवर टाकला की विरून जातो.

हे वाचायला टँकरजवळ जायचं नाही. मोबाईलचा कॅमेरा झूम करून दुरूनच फोटो काढा आणि फोटोत आकडा वाचा. किमान ५० मीटर सगळ्या बाजूंनी मोकळं ठेवायचं, गळती मोठी असेल तर वारा ज्या दिशेला वाहतोय तिकडे ३०० मीटरपर्यंत माणसं हलवायची, आणि टँकरलाच आगीने वेढलं असेल तर ८०० मीटर. उसाच्या किंवा केळीच्या पानांचं हलणं पाहिलं तरी वाऱ्याची दिशा कळते. वारा जिकडून येतोय त्या बाजूला आणि चढाच्या बाजूला उभं राहायचं. मिथेनॉलची वाफ हवेपेक्षा किंचित जड असते आणि द्रव तर उताराने वाहतोच. १३ जून २०२३ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ ज्वलनशील रसायनाचा टँकर पुलावर उलटून पेटला, आणि जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं. मृतांमध्ये खालून जाणारे लोकही होते. आमलाडपासून अक्कलकुव्याकडे जाताना रस्त्याकडेला चाऱ्या आहेत, नाले आहेत, खालच्या अंगाला शेतं आणि वस्त्या आहेत. गर्दी मात्र नेहमी खालच्याच बाजूला, सपाट जागा पाहून जमते.

बादल्या आणि कॅन घेऊन धावणारी माणसं हा या सगळ्यातला सर्वांत दुःखद भाग. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला, लोक पेट्रोल भरून न्यायला जमले आणि आग लागून दोनशेहून अधिक माणसं गेली. मिथेनॉलच्या बाबतीत याच्यात आणखी एक धोका मिसळतो. घरी नेलेलं रसायन ‘स्पिरिट’ म्हणून विकलं जातं किंवा कुणीतरी पिऊन पाहतं. सरपंच, पोलीस पाटील, रस्त्यालगतच्या ढाब्यांचे आणि पेट्रोल पंपांचे मालक यांनी हे आधीच गावात बोलून ठेवलं पाहिजे. टँकर उलटल्यावर समजावत बसायला वेळ नसतो.

फोन करायचा तो ११२ किंवा १०१ वर, तोही लांब गेल्यावर. ठिकाण सांगा, ‘यूएन १२३०’ सांगा, गळती आहे की आग ते सांगा, टँकरचं तोंड कुठल्या गावाकडे आहे ते सांगा. रस्त्यावरची वाहनं बंद करायला लावा. बिडी, सिगारेट, ढाब्याची चूल, डिझेल पंप सगळं विझवा. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, तेलासारखं वर तरंगत नाही. त्यामुळे नाल्याचं किंवा विहिरीचं पाणी नेहमीसारखंच दिसेल. तपासणी होऊन सोडेपर्यंत ते माणसांना द्यायचं नाही, गुरांनाही नाही.

रिकामं पिंप

मला वाटतं, टँकरपेक्षा आपल्या भागात जास्त नुकसान रिकाम्या पिंपाने होऊ शकतं. टँकर क्वचित उलटतो, पिंप मात्र रोज विकलं जातं. कारखान्यातून भंगारात, भंगारातून आठवडे बाजारात, तिथून घरात. निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी साठवतात, लोखंडी पिंप कापून त्याचं पत्र्याचं दार किंवा गूळ-काकवीसाठी चुलाण्याचं कडं करतात.

लोखंडी पिंपाला गॅस कटर, ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावण्याआधी त्यात काय होतं हे माहीत नसेल तर हात लावू नका. तळाशी पेलाभर द्रव राहिला असला तरी आतली वाफ पिंपाचं झाकण माणसाच्या छातीवर उडवायला पुरेशी असते. झाकण उघडून दोन दिवस उन्हात ठेवलं म्हणून काम झालं असं नाही, कारण तळाचा द्रव वाफ सोडतच राहतो. मिथेनॉल असल्याची खात्री असेल तर पिंप काठोकाठ पाण्याने भरून रिकामं करणं, असं अनेकदा करणं, हा उपाय आहे. पण मागच्या वापरात त्यात आणखी काय होतं हे सांगणारा कुणी नसतो, म्हणून अनोळखी पिंप कापायचंच नाही, हे बरं.

पिण्याच्या पाण्यासाठी नवा किंवा खाद्यपदार्थांसाठी वापरलेलाच ड्रम घ्या. जुन्या ड्रमवर लेबल खरवडल्याच्या खुणा असतील, हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत ज्योत, कवटी किंवा छातीवर चांदणी असलेल्या माणसाचं चित्र असेल तर तो परत करा. रसायन मुरलेलं प्लास्टिक साबणाने धुऊन स्वच्छ होत नाही.

आणि पाण्याच्या बाटलीत मिथेनॉल कधीच ओतायचं नाही. सुतारकाम, पॉलिश, रंगकाम करणाऱ्यांकडे ही सवय सर्रास दिसते. पाच लिटरच्या कॅनमधून रोजच्या कामापुरतं स्पिरिट किंवा थिनर पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढतात आणि बाटली खिडकीत उभी राहते. दुपारच्या तहानेला घरातलं पोर किंवा नवीन आलेला मदतनीस तीच उचलतो. दुकानात ‘स्पिरिट’ म्हणून मिळणाऱ्या द्रवात नेमकं काय आहे हे लेबल वाचल्याशिवाय सांगता येत नाही, तेव्हा लेबल नसलेलं घेऊ नका. मूळ डब्यातच ठेवा, कुलुपात ठेवा, पॉलिश करताना दारं-खिडक्या उघडी ठेवा. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तर हे काम नकोच.

कामावर

तळोदा, अक्कलकुवा, धडगावची अनेक माणसं गुजरातेत कामाला जातात. त्यातली काही ठेकेदारामार्फत रासायनिक कारखान्यांत पिंपं भरणं, धुणं, उतरवणं ही कामं करतात. ही कामं कमी मजुरीची आणि सर्वाधिक संपर्काची. आठ तासांच्या पाळीत हवेतलं मिथेनॉल २०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २०० भागांच्या आत असावं, अशी मर्यादा आहे. नाकाला वास जाणवेपर्यंत ही मर्यादा कधीच ओलांडलेली असू शकते. ‘वास येत नाही म्हणजे ठीक आहे’ हा मुकादमाचा दिलासा मानू नका.

मिथेनॉल कातडीतूनही अंगात जातं. कापडी हातमोजे ते शोषून घेतात आणि तासन्‌तास कातडीला लावून ठेवतात, म्हणजे मोकळ्या हातापेक्षा वाईट. ब्युटाइल रबरचे मोजे सर्वांत चांगले. कपड्यांवर सांडलं तर कपडे लगेच उतरवा, लाजू नका, आणि १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा. डोळ्यात गेलं तरी तेच, पापण्या उघड्या धरून. एका पिंपातून दुसऱ्यात ओतताना दोन्ही पिंपं तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडलेली हवीत, नाहीतर वाहत्या द्रवाने तयार झालेल्या स्थिर विजेची ठिणगी पुरते. टाकीत उतरून सफाई करायला सांगितलं तर आतली हवा मोजली आहे का, वर दोरी धरून कोण उभं आहे, हे विचारल्याशिवाय उतरू नका. आत कुणी बेशुद्ध पडला तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही तिथेच पडतो.

कारखान्यात प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक असतं, कामगार त्याला ‘एमएसडीएस’ म्हणतात. आपण ज्याच्याबरोबर काम करतो त्याची माहिती मिळणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे, कंत्राटी असला तरी. कागद वाचता येत नसेल तर त्याचा फोटो काढून गावातल्या शिकलेल्या पोराला पाठवा. नाव, विष आहे का, आग लागते का, अंगावर पडलं तर काय करायचं, एवढ्या चार गोष्टी तरी कळल्या पाहिजेत.

आश्रमशाळांतल्या आणि इतर शाळांतल्या विज्ञान शिक्षकांसाठीही एक सूचना. क्षारांमुळे ज्योतीला वेगवेगळे रंग येतात हे दाखवायला काही जण बशीत मिथेनॉल ओतून पेटवतात. ज्योत विझली असं वाटून पुन्हा बाटलीतून ओतलं की आग धारेवरून बाटलीत शिरते आणि बाटलीच्या तोंडातून पहिल्या बाकापर्यंत झोत येतो. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत रेनो आणि डेन्व्हर इथे अशाच प्रयोगांत मुलं भाजली. हाच प्रयोग लाकडी काडी क्षाराच्या पाण्यात भिजवून बर्नरच्या ज्योतीत धरून होतो. रंग तितकेच छान दिसतात.

दारूतलं मिथेनॉल

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातेतल्या बोटाद भागात चाळीसहून अधिक, जून २०२४ मध्ये तमिळनाडूत कल्लाकुरिचीत साठहून अधिक. तिन्ही ठिकाणी मारक घटक एकच, मिथेनॉल. कारखान्याचं रसायन स्वस्तात मिळतं, पाणी घालून वाढवता येतं, आणि पिणाऱ्याला चवीत फरक कळत नाही.

सातपुड्यात मोहाच्या फुलांची दारू पिढ्यान्‌पिढ्या गाळली जाते, देवकार्यात लागते. फुलांच्या आंबवणीतून तयार होणारं मिथेनॉल अगदी थोडं असतं. सामूहिक मृत्यू होतात ते कुणीतरी बाहेरचं रसायन मिसळतो तेव्हा. म्हणून प्रश्न ‘कुठल्या फुलांची?’ असा नसून ‘कुणी, कुठून आणली?’ असा विचारायचा. अनोळखी विक्रेता, नेहमीपेक्षा स्वस्त भाव, पिशवीत किंवा पाण्याच्या बाटलीत आलेला माल, यांपैकी काहीही दिसलं तरी नको म्हणा. दारू काडीने पेटवून ज्योतीच्या रंगावरून पारख करणारे भेटतात. ती पारख खोटी आहे, दोन्ही अल्कोहोल निळसरच जळतात.

शरीरात काय होतं ते समजलं की वेळेचं महत्त्व पटतं. मिथेनॉल स्वतः फारसं मारत नाही. यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं, आणि हे आम्ल रक्तात साठून डोळ्याच्या नसेवर आणि मेंदूवर घाला घालतं. याला साधारण १२ ते २४ तास लागतात. बरोबर साधी दारूही घेतली असेल तर आणखी उशीर लागतो, कारण यकृत आधी तिच्याकडे वळतं. १० मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, दृष्टी घालवू शकतात. ३० मिलिलिटरने जीव गेल्याची नोंद आहे.

रात्री प्यायलेला माणूस सकाळी डोकं धरून बसतो. मळमळ, पोटात कळा, चक्कर. घरचे म्हणतात, उतरली नाही अजून. कुणी मित्र ‘उतारा’ म्हणून त्याच बाटलीतला घोट देतो, आणि विष आणखी वाढतं. दुपारी तो म्हणतो, समोर धुकं आलंय, सगळं पांढरं दिसतंय. मग श्वास जोरजोरात, खोल चालतो. दारूच्या त्रासात डोळ्यांपुढे धुकं येत नाही. प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी दिसण्यात जरा जरी फरक पडला तर ती मिथेनॉलची खूण समजा आणि त्याच मिनिटाला निघा. झोपून उठला की बरा होईल असं म्हणू नका.

मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. ताक, लिंबू, कॉफी यांनी काही होत नाही. दवाखान्यात काही वेळा उतारा म्हणून साधं अल्कोहोल देतात हे खरं आहे, पण ते मोजून, रक्त तपासत देतात. घरी ते करू नका. फोमेपिझोल हे औषध, रक्तातलं आम्ल कमी करण्यासाठी सोडियम बायकार्बोनेट आणि विष काढून टाकायला डायलिसिस, हे खरे उपचार. म्हणजे प्राथमिक केंद्रात सलाईन लावून रात्र काढण्यात अर्थ नाही. १०८ ला फोन करा. पाड्यावरून झोळीत आणावं लागणार असेल तर गाडी जिथवर येते तिथे ती आधी उभी करून ठेवा. तळोद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं तरी पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मिथेनॉलची शंका आहे, डायलिसिस लागू शकतं,’ म्हणजे नंदुरबारला किंवा पुढे पाठवायचा निर्णय लवकर होतो. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक डॉक्टर आणि नातेवाईक दोघांसाठीही आहे.

काय प्यायला, किती वाजता, कुणाकडून आणली, हे लपवू नका. पोलिसांच्या भीतीने ‘जेवणातून विषबाधा झाली’ असं सांगितलं तर डॉक्टर भलत्याच उपचारात मोलाचे तास घालवतील. उरलेली बाटली घट्ट बंद करून बरोबर न्या. आणि त्या रात्री त्याच बाटलीतून किंवा त्याच विक्रेत्याकडून जे जे प्यायले, त्या सगळ्यांना घरोघर जाऊन उठवा, ज्यांना अजून काहीच त्रास नाही त्यांनाही. त्यांना गाडीत बसवायची वेळ तीच असते.